कार्यप्रणाली बदलल्यावर बंद पडणारे नेटवर्क कार्ड : कारणे व उपाय

शाळेच्या कचेरीतील संगणक हे आता हजेरीपटाइतकेच नित्याच्या उपयोगाचे साधन झाले आहे. विद्यार्थ्यांच्या नोंदी, यू-डायस प्लसची वार्षिक माहिती, पोषण आहाराचा हिशेब, शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रे ही कामे त्याच्याच द्वारे पार पाडावी लागतात. परंतु बाहेरच्या जगाशी संपर्क असेल तोवरच हे साधन ह्या कामांस उपयोगी पडते. संपर्क तुटला म्हणजे तोच संगणक एखाद्या टंकलेखन यंत्रासारखा एका जागी बसून राहतो.

एखाद्या आडवळणाच्या गावातील द्विशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणावी. शनिवारी दुपारी शाळा सुटताना शिक्षकाने संगणकाच्या कार्यप्रणालीचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचे, नूतनीकरण लावून दिले. सोमवारी सकाळी संगणक सुरळीत सुरू झाला; पडदा नवा दिसू लागला; जुन्या फायलीही जागच्या जागी आढळल्या. मात्र कोपऱ्यातील संपर्काच्या चिन्हाच्या जागी पृथ्वीगोलाचे चिन्ह उमटले आणि इंटरनेट काही केल्या मिळेना. आवेदनपत्रांची मुदत बुधवारी संपावयाची होती आणि अकरा मुलांची नावे भरावयाची राहिली होती. अशा वेळी ‘कार्ड जळाले असावे’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. संगणक उचलून तालुक्याच्या गावी नेला जातो. तेथे कधी नवे कार्ड, तर कधी मुख्य पट्टीच बदलण्याचा सल्ला मिळतो. शाळेच्या तुटपुंज्या अनुदानातून पैसा खर्च होतो, दिवस वाया जातात, आणि मूळ दोष मात्र कार्डात नव्हताच असे मागाहून निष्पन्न होते.

वस्तुतः शनिवारी चालू असलेले कार्ड केवळ कार्यप्रणाली बदलल्यामुळे जळत नाही. बहुतेक प्रसंगी दोष असतो तो कार्ड आणि कार्यप्रणाली यांच्यामधील दुव्यात. ह्या दुव्यास ड्रायव्हर म्हणतात. तो दुवा म्हणजे काय, तो का निखळतो आणि शिक्षकास तो स्वतः कसा जोडता येईल, ह्याचा विचार पुढे केला आहे. विंडोज १० ह्या कार्यप्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त झाले. त्यामुळे अनेक ठिकाणी नव्या आवृत्तीकडे वळावे लागत आहे. म्हणून ह्या विषयाची माहिती प्रत्येक शाळेत असणे अगत्याचे आहे.

१. कार्ड, कार्यप्रणाली आणि ड्रायव्हर

संगणकाच्या पाठीमागे ज्या चौकोनी खाचेत नेटची केबल बसते, त्या खाचेमागील विद्युतमंडलास नेटवर्क कार्ड म्हणतात. पूर्वी हे कार्ड सुटे असे व संगणकात वेगळे बसवावे लागे. हल्ली ते बहुधा मुख्य पट्टीवरच असते. वायफायसाठी दुसरे कार्ड असते, किंवा पेनड्राइव्हसारखा छोटा जोड यूएसबीच्या खाचेत लावलेला असतो. केबलवरून चालणाऱ्या संपर्काच्या ह्या पद्धतीस इथरनेट असे नाव आहे. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी तिचा पाया घातला. त्या पहिल्या प्रयोगातील वेग सेकंदास २.९४ मेगाबिट इतका होता. आजच्या साध्या कार्डाचा वेग सेकंदास १,००० मेगाबिट असतो. प्रत्येक कार्डास कारखान्यातच ४८ बिटांचा एक पत्ता दिलेला असतो. तो बारा चिन्हांत लिहितात आणि पहिल्या सहा चिन्हांवरून कार्डाचा निर्माता ओळखता येतो.

निरनिराळे कारखाने निरनिराळ्या घडणीची कार्डे बनवितात. प्रत्येक कार्डाची आज्ञा घेण्याची रीत वेगळी. कार्यप्रणालीस ह्या सर्व रीती मुळातूनच अवगत असणे शक्य नाही. म्हणून ती आपली आज्ञा एका ठरावीक भाषेत सांगते आणि मध्ये बसलेला एक छोटा कार्यक्रम त्या आज्ञेचे त्या विशिष्ट कार्डाच्या भाषेत रूपांतर करतो. हाच तो ड्रायव्हर. एखाद्या साहेबाच्या कचेरीत रयतेचे म्हणणे साहेबास आणि साहेबाचे म्हणणे रयतेस समजावून देणारा दुभाषी असावा, तसे त्याचे काम आहे. दुभाषी गैरहजर असेल, तर साहेबही शहाणा आणि रयतही शहाणी असून कचेरीचे काम ठप्प होते.

विंडोजमध्ये कार्यप्रणाली व नेटवर्क ड्रायव्हर यांच्यामधील ठरावीक भाषेस एनडीआयएस असे म्हणतात. मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉम ह्या दोन कंपन्यांनी मिळून ती तयार केली. कार्यप्रणालीच्या आवृत्तीबरोबर ह्या भाषेचीही आवृत्ती पुढे जाते. येथेच पुढील अडचणींचे मूळ आहे.

२. नूतनीकरणाने संपर्क का तुटतो

ह्याची कारणे मुख्यतः सहा प्रकारची असतात.

(अ) नव्या कार्यप्रणालीच्या संग्रहात त्या कार्डाचा ड्रायव्हर मुळी नसतोच. अगदी जुने कार्ड किंवा अगदी नवे कार्ड असल्यास असे घडते.

(आ) जुना ड्रायव्हर ३२ बिटांच्या प्रणालीसाठी लिहिलेला असतो आणि नवी प्रणाली ६४ बिटांची असते. विंडोज ११ ही केवळ ६४ बिटांतच उपलब्ध आहे. ३२ बिटांचे साधे कार्यक्रम ६४ बिटांच्या विंडोजवर चालतात. परंतु ड्रायव्हरच्या बाबतीत ही सवलत नाही.

(इ) नवी प्रणाली ड्रायव्हरवर अधिकृत स्वाक्षरी मागते. हाताने केलेली सही येथे अभिप्रेत नाही. ड्रायव्हर कोणाकडून आला व त्यात मागाहून फेरफार झालेला नाही, हे सिद्ध करणारी ती एक सांकेतिक मोहोर असते. मोहोर नसलेला ड्रायव्हर प्रणाली दाराशीच अडविते. ‘मेमरी इंटेग्रिटी’ नावाची संरक्षक व्यवस्था चालू असेल, तर काही जुने ड्रायव्हर मोहोर असूनही नाकारले जातात.

(ई) कारखान्याच्या खास ड्रायव्हरऐवजी प्रणाली आपल्या संग्रहातील सर्वसामान्य ड्रायव्हर बसविते. मग कार्ड चालते, परंतु वेग मंदावतो किंवा संपर्क वारंवार तुटतो.

(उ) जुना विषाणूरोधक कार्यक्रम किंवा व्हीपीएनचा कार्यक्रम यांचा एखादा अंश नेटवर्कच्या वाटेवर चाळणीसारखा बसविलेला असतो. नव्या प्रणालीस तो अंश मानवत नाही आणि त्यामुळे निर्दोष कार्डाचीही वाट अडून राहते.

(ऊ) ड्रायव्हर ठीक असतो, परंतु वीज वाचविण्याच्या किंवा पत्ता देण्याच्या जुन्या मांडण्या नूतनीकरणात बदललेल्या असतात.

ह्या सहांपैकी नेमके कारण कोणते, हे ठरविल्यावाचून उपायास हात घालू नये. निदानाआधी दिलेले औषध पुष्कळदा नवा रोग निर्माण करते.

३. निदानाचा क्रम

पहिली पाहणी पडद्यावर न करता संगणकाच्या पाठीमागे करावी. केबल खाचेत नीट बसलेली आहे काय, खाचेजवळील छोटा दिवा लागला आहे काय आणि राउटरच्या बाजूचा दिवा लागला आहे काय, हे पाहावे. त्याच केबलवर दुसरा संगणक चालत असेल, किंवा त्याच वायफायवर मोबाईल चालत असेल, तर बाहेरचा संपर्क शाबूत आहे असे समजावे. साफसफाई करताना केबल निघाली आणि दोष मात्र नूतनीकरणाच्या माथी मारला गेला, असे होऊ शकते; म्हणून ही पाहणी क्षुल्लक मानू नये. मांडीवरच्या संगणकात विमान-स्थिती, म्हणजे ‘एअरप्लेन मोड’, चालू राहिलेली नाही ना, हेही पाहावे.

दुसरी पाहणी ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये करावी. ‘स्टार्ट’च्या बटणावर माउसचे उजवे बटण दाबले असता जी यादी उघडते, तीत हे नाव आढळते. तेथे ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ ह्या शीर्षकाखाली कार्डाचे नाव शोधावे. पुढील चार अवस्थांपैकी एक दिसून येईल.

कार्डाचे नाव आहे व त्यावर कोणतेही चिन्ह नाही : ड्रायव्हर बहुधा ठीक आहे, दोष मांडणीत शोधावा.

नावावर पिवळा त्रिकोण आहे : ड्रायव्हर आहे, परंतु चालत नाही.

नाव तेथे नाही, परंतु ‘अदर डिव्हाइसेस’ या शीर्षकाखाली ‘इथरनेट कंट्रोलर’ किंवा ‘नेटवर्क कंट्रोलर’ असे पिवळ्या चिन्हासह लिहिले आहे : कार्ड जिवंत आहे, प्रणालीस ते दिसतेही आहे, केवळ त्याचा ड्रायव्हर नाही.

कोठेच काही नाही : कार्ड बायॉसमधून बंद केलेले असावे, सैल झालेले असावे, किंवा खरोखरच निकामी झालेले असावे. ‘कार्ड जळाले’ ही शंका घेण्यास जागा आहे ती केवळ ह्या चौथ्या अवस्थेत, हे ध्यानात ठेवावे.

४. दोषाचे क्रमांक

कार्डाच्या नावावर दोनदा टिचकी मारली असता एक चौकट उघडते. तीत उपकरणाची स्थिती लिहिलेली असते आणि दोष असल्यास त्याचा क्रमांकही दिलेला असतो. नेटवर्क कार्डाच्या संबंधात वारंवार आढळणारे क्रमांक असे आहेत.

क्रमांक १० : उपकरण सुरू होऊ शकत नाही.
क्रमांक २२ : उपकरण बंद करून ठेवलेले आहे. ‘एनेबल’ केल्याने काम भागते.
क्रमांक २८ : ड्रायव्हर बसविलेला नाही.
क्रमांक ३१ : लागणारा ड्रायव्हर प्रणालीस चढविता येत नाही.
क्रमांक ३९ : ड्रायव्हर बिघडलेला आहे किंवा गहाळ आहे.
क्रमांक ५२ : ड्रायव्हरची स्वाक्षरी पडताळता येत नाही.
क्रमांक ५६ : ह्या वर्गातील उपकरणांची मांडणी पुरी झालेली नाही. असे दिसल्यास जुन्या व्हीपीएनचे अवशेष प्रथम तपासावेत.

हा क्रमांक वहीत टिपून ठेवावा. तालुक्याच्या जाणकारास दूरध्वनीवरून ‘नेट चालत नाही’ एवढेच सांगितल्यास त्यास काही बोध होत नाही. ‘क्रमांक २८ दिसतो’ असे सांगितल्यास निम्मे निदान तेथेच होते.

५. उपाययोजना

उपाय सौम्याकडून तीव्राकडे ह्या क्रमाने करावेत. एका वेळी एकच बदल करावा, तो केल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा आणि परिणाम पाहूनच पुढे जावे. दोन-तीन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला हे कळत नाही व अवगुण आल्यास तो कशामुळे आला हेही कळत नाही.

पहिला उपाय : संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करणे. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावरही प्रणालीची काही स्थिती तबकडीवर राखून ठेवली जाते. यास्तव ह्या कामी ‘रीस्टार्ट’ हाच पर्याय निवडावा.

दुसरा उपाय : पूर्वीच्या ड्रायव्हरकडे परतणे. कार्डाच्या चौकटीत ‘ड्रायव्हर’ नावाच्या पानावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण असते. ते दाबता येत असेल, तर आधीचा ड्रायव्हर परत बसतो. बटण फिके दिसत असल्यास मागील ड्रायव्हर राखलेला नाही असे समजून पुढे जावे.

तिसरा उपाय : संग्रहातील दुसरा ड्रायव्हर निवडणे. त्याच पानावरील ‘अपडेट ड्रायव्हर’ दाबून, संगणकातच शोधण्याचा पर्याय घेऊन, मिळणाऱ्या यादीतून निवड करण्याचा पर्याय घ्यावा. पुष्कळदा एकाच कार्डासाठी दोन-तीन आवृत्त्या तेथे दिसतात. सध्या चालू असलेली सोडून दुसरी आवृत्ती बसवून पाहावी.

चौथा उपाय : उपकरण काढून पुन्हा ओळखविणे. ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करून नंतर ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ करावे, म्हणजे प्रणाली कार्ड नव्याने ओळखते. काढताना ड्रायव्हरही पुसून टाकावा काय, असा एक प्रश्न चौकटीत असतो. दुसरा ड्रायव्हर हाताशी असल्याखेरीज तेथे खूण करू नये. अन्यथा होता तोही दुभाषी निघून जातो.

पाचवा उपाय : कारखान्याचा योग्य ड्रायव्हर मिळवून बसविणे. क्रमांक २८ असल्यास हाच खरा उपाय होय. त्याचा विचार पुढील कलमात केला आहे.

सहावा उपाय : जुने व्हीपीएन व विषाणूरोधक कार्यक्रम काढून टाकणे. नव्या प्रणालीस चालणारी त्यांची आवृत्ती मागाहून बसविता येते.

सातवा उपाय : ‘नेटवर्क रीसेट’. ‘सेटिंग्ज’मधील नेटवर्कच्या प्रगत मांडणीत हा पर्याय आहे. त्याने सर्व नेटवर्क कार्डे काढून पुन्हा बसविली जातात व मांडण्या मूळपदावर येतात. परंतु वायफायचे परवलीचे शब्द आणि हाताने भरलेले पत्तेही त्यात पुसले जातात. ते आधी लिहून घ्यावेत.

आठवा उपाय : जुन्या प्रणालीकडे परतणे. विंडोज ११ कडे नूतनीकरण केल्यावर साधारणतः १० दिवसपर्यंत ‘रिकव्हरी’ या पानावरील ‘गो बॅक’ ह्या बटणाने मागे जाता येते. ही मुदत लक्षात ठेवावी. दहा दिवस इतर उपायांची वाट पाहून अकराव्या दिवशी परतण्याचा विचार केला, तर वाट बंद झालेली आढळते. साहाय्य संपलेल्या प्रणालीवर कायम राहणे हितावह नाही. म्हणून हा उपाय तात्पुरता समजावा.

६. संपर्क नसताना ड्रायव्हर कसा आणावा

येथे एक विचित्र पेच उभा राहतो. इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणण्यासाठी इंटरनेट हवे. विहिरीत पडलेला दोर काढावयास दोरच लागावा, तशी ही गत होते. ह्यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मोबाईलचा. अँड्रॉइड मोबाईल यूएसबी केबलने संगणकास जोडून मोबाईलच्या मांडणीत ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. तेव्हा मोबाईलच संगणकाचे तात्पुरते नेटवर्क कार्ड बनतो. त्यास लागणारा ड्रायव्हर विंडोजच्या संग्रहात असल्याने तो बहुधा आपोआप बसतो. नुसती भारणाची केबल ह्या कामी चालत नाही. माहिती वाहून नेणारी केबल हवी. संपर्क मिळताच ‘विंडोज अपडेट’मध्ये शोध घ्यावा, कित्येकदा कार्डाचा ड्रायव्हर तेथूनच येतो. काम होताच टेदरिंग बंद करावे. नाहीतर इतर मोठी नूतनीकरणे उतरू लागून मोबाईलचा दिवसाचा डेटा संपून जातो.

दुसरा मार्ग पेनड्राइव्हचा. दुसऱ्या संगणकावर ड्रायव्हर उतरवून तो पेनड्राइव्हने आणावा. ड्रायव्हर घ्यावा तो संगणकाच्या निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून, संगणकाचे मॉडेल पाहून. जोडणी करून घेतलेला संगणक असल्यास मुख्य पट्टीच्या निर्मात्याकडे पाहावे. प्रणालीची आवृत्ती व बिटसंख्या जुळते की नाही, हे तपासावे. उतरलेली फाईल दाबून बांधलेली, म्हणजे झिप स्वरूपात, असेल तर ती प्रथम सोडवावी. न सोडविता बसवू गेल्यास प्रणालीस ड्रायव्हर सापडत नाही.

कार्ड कोणाचे, हेच कळत नसेल, तर कार्डाच्या चौकटीत ‘डिटेल्स’ ह्या पानावर ‘हार्डवेअर आयडीज’ हा पर्याय निवडावा. तेथे व्ही-ई-एन ह्या अक्षरांपुढे निर्मात्याचा आणि डी-ई-व्ही ह्या अक्षरांपुढे कार्डाचा चार चिन्हांचा क्रमांक असतो. इंटेलचा निर्माताक्रमांक ८०८६, रिअलटेकचा १०ईसी आणि ब्रॉडकॉमचा १४ई४ असा आहे. इंटेलचा क्रमांक १९७८ सालच्या तिच्या प्रसिद्ध ८०८६ ह्या प्रक्रियकाची आठवण करून देतो. यूएसबीच्या जोडांत हेच क्रमांक व्ही-आय-डी व पी-आय-डी ह्या अक्षरांपुढे मिळतात. ‘अदर डिव्हाइसेस’मधील अनोळखी उपकरणाचाही हा क्रमांक वाचता येतो, हे विशेष होय.

‘तुमचे सर्व ड्रायव्हर एका टिचकीसरशी दुरुस्त करू’ अशी जाहिरात करणारे कार्यक्रम शोध घेताना पुष्कळ दिसतील. त्यांच्या वाटेस जाऊ नये. ड्रायव्हर हा प्रणालीच्या गाभ्यात शिरून काम करीत असल्याने अनोळखी ठिकाणचा ड्रायव्हर बसविणे म्हणजे तिजोरीची किल्ली वाटसरूच्या हाती देण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांसारखी माहिती ज्या संगणकावर असते, तेथे तर ही दक्षता विशेषच घ्यावयास हवी.

७. ड्रायव्हर ठीक असूनही संपर्क नसल्यास

डिव्हाइस मॅनेजरमध्ये सर्व काही निर्दोष दिसत असेल, तर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजीत टंकावी. कार्डाच्या पत्त्याची सुरुवात १६९.२५४ अशी असेल, तर कार्ड व ड्रायव्हर दोन्ही काम करीत आहेत, मात्र राउटरकडून पत्ता मिळालेला नाही असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा व संगणकाची मांडणी आपोआप पत्ता घेण्यावर ठेवावी. ‘मीडिया डिसकनेक्टेड’ असे दिसल्यास पुन्हा केबलकडे वळावे.

‘पिंग’ ह्या आज्ञेनेही परीक्षा घेता येते. प्रथम राउटरचा पत्ता आणि नंतर बाहेरील एखादा पत्ता तपासावा. कोठवर उत्तर येते त्यावरून दोषाची जागा कळते. १२७.०.०.१ ह्या पत्त्याकडून उत्तर आले म्हणजे कार्ड चांगले, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. हा पत्ता संगणकाचा स्वतःशीच बोलण्याचा आहे. त्याची आज्ञा कार्डापर्यंत पोहोचतच नाही.

संपर्क थोडा वेळ टिकून तुटत असेल, तर कार्डाच्या चौकटीतील ‘पॉवर मॅनेजमेंट’ हे पान पाहावे. वीज वाचविण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा संगणकास दिलेली असल्यास ती खूण काढून टाकावी.

८. लिनक्स वापरणाऱ्या शाळांसाठी

काही ठिकाणी सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स किंवा तत्सम प्रणाली वापरतात. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्येच, समाविष्ट असतात. म्हणून तेथे ही अडचण निराळ्या रूपाने येते. काही वायफाय कार्डांचा ड्रायव्हर बाहेरून आणून कर्नलशी जुळवून घेतलेला असतो. कर्नल बदलला की ही जुळवणी नव्याने व्हावी लागते. तिला लागणारे साहित्य संगणकात नसल्यास ती होत नाही व वायफाय नाहीसे होते. अशा वेळी संगणक सुरू होताना प्रारंभीच्या यादीतून जुना कर्नल निवडावा. बहुधा संपर्क परत येतो आणि मग सवडीने दुरुस्ती करता येते.

दुसरी अडचण नावाची. पूर्वी लिनक्समध्ये पहिल्या कार्डास ‘ईथ शून्य’ असे नाव मिळे. २०१३ पासून प्रचारात आलेल्या नव्या पद्धतीत कार्डाच्या जागेवरून नाव ठरते. जुन्या मांडणीच्या फायलीत पहिले नाव आणि प्रणालीत दुसरे नाव, अशी विसंगती झाली म्हणजे सर्व काही निर्दोष असून संपर्क होत नाही. फायलीतील नाव बदलणे एवढाच तेथे उपाय असतो.

९. पूर्वतयारी

नूतनीकरणाआधी अर्धा तास खर्च केल्यास वरील बहुतेक त्रास टळतो. पुढील गोष्टी आधीच कराव्यात.

(अ) संगणकाचे मॉडेल, कार्डाचे नाव व हार्डवेअर क्रमांक वहीत लिहावेत.
(आ) नव्या प्रणालीसाठीचा नेटवर्क ड्रायव्हर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावा. इतर कोणताही ड्रायव्हर नंतर आणता येतो. हा एक मात्र आधी हवा. विंडोज ११ ची कोरी बसवणी करताना तर इंटरनेट मिळाल्यावाचून पुढचे पान उघडत नाही, तेव्हा ह्या तयारीचे महत्त्व दुप्पट होते.
(इ) वायफायचा परवलीचा शब्द व हाताने दिलेले पत्ते टिपून ठेवावेत.
(ई) विद्यार्थ्यांच्या नोंदींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.
(उ) मुदतीच्या कामाच्या आठवड्यात नूतनीकरण करू नये. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वीचा मोकळा दिवस त्यास योग्य होय.

आरंभी वर्णिलेल्या शाळेत हाच क्रम अनुसरला तर काय घडेल, ते पाहणे बोधप्रद आहे. केबलच्या खाचेजवळील दिवा लागलेला आहे, म्हणजे कार्डात जीव आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘इथरनेट कंट्रोलर’ पिवळ्या चिन्हासह दिसतो, क्रमांक २८. म्हणजे दुभाषी गैरहजर. मोबाईल केबलने जोडला, शोध घेतला, ड्रायव्हर बसला, संगणक पुन्हा सुरू केला. मधल्या सुटीपूर्वी संपर्क परत येतो आणि बुधवारची मुदत टळून न जाता अकराही मुलांची नावे सोमवारीच रवाना होतात. खर्च काही नाही. त्या मुलांपैकी एखाद्याचे पुढील शिक्षण त्या शिष्यवृत्तीवर अवलंबून असू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे एका लहानशा ड्रायव्हरचे मोल कळून येते.

१०. वर्गातील उपयोग

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ही दुरुस्ती जवळून पाहू द्यावी. पाठीमागचा दिवा लागला आहे काय, हे एका मुलाने सांगावे. क्रमांक दुसऱ्या मुलीने वाचावा. कोणता बदल केला व काय घडले, हे तिसऱ्याने वहीत लिहावे. आधी निरीक्षण, मग तर्क, मग एकच बदल, आणि शेवटी परिणामाची नोंद, ही शास्त्राची रीत पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा अशा प्रसंगाने मुलांच्या मनावर अधिक खोल ठसते. न चालणारी वस्तू फेकून देण्यापूर्वी ती का चालत नाही हे विचारावयाचे असते, हा संस्कार त्यांस पुढे शेतीच्या पंपापासून प्रयोगशाळेपर्यंत सर्वत्र उपयोगी पडेल.

वापरलेली नोंदवही संगणकाजवळच ठेवावी. शिक्षकांच्या बदल्या होतात. आज जमविलेली माहिती उद्या येणाऱ्या सहकाऱ्यास मिळाली नाही, तर त्यास पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो. दिनांक, केलेला बदल, दिसलेला क्रमांक व लागू पडलेला उपाय एवढ्या चार रकान्यांची वही पुरेशी आहे. पुढील नूतनीकरणाच्या दिवशी ती वही उघडली म्हणजे निम्मे काम झालेच असे समजावे.